तोंड उघडायचा स्क्रू आणि एका बाकावरचे दोघं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

निकाल लागला की आठ-दहा दिवस तुमच्या पेपरात बातम्या कमी आणि फोटो जास्त असतात. पासपोर्ट साईजचे, ओळीनं, एका पानावर शंभरेक, खाली मार्क. लातुरात राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, डोळ्याला सवय झालीय. पण यंदा ते पान बघता बघता एक गोष्ट डोक्यात बसली ती उठायलाच तयार नाही, म्हणून हे पत्र लिहायलोय. लांबलं तर कापा, पण स्क्रूचा किस्सा तेवढा राहू द्या.

तर त्या पानावर वरच्या ओळीत नीटवाली पोरं आणि खाली जेईई-सीईटीवाली. दोन वर्षं हीच पोरं एका क्लासला, एका बाकावर, एकाच मेसचा डबा खाऊन, एकमेकाच्या नोट्सच्या झेरॉक्स मारून शिकलेली असतात. परीक्षा झाली की एक मेडिकलला, एक इंजिनिअरिंगला. तिथून पुढं दोघांची गाठ पडते ती कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर दवाखान्यात, म्हणजे एक जण आत खुर्चीवर आणि दुसरा आईचे रिपोर्ट हातात घेऊन बाहेरच्या बाकड्यावर. मधल्या पंधरा-वीस वर्षांत ह्या दोघांनी मिळून एखादं काम केलंय असं मी तरी आमच्या भागात बघितलं नाही. आणि कॅन्सर हा असा रोग आहे की तो ह्या दोघांपैकी एकट्याच्या हाती लागत नाही, हे मला स्वतःच्या घरात बघून कळलं.

मी काही प्राध्यापक वगैरे नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा, एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक मिलिंग, एक पिलर ड्रिल, चार माणसं. साखर कारखान्याचे शाफ्ट, पंपाचे बुश, ट्रॉलीच्या पिना, असली कामं. कॅन्सरशी माझा संबंध आला तो आमच्या अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, पंचवीस वर्षं उसाचा ट्रक चालवला, रात्रीच्या खेपेला डोळा लागू नये म्हणून गालात पुडी. २०१२ ला राज्यात गुटखा बंद झाला म्हणे. अण्णांची पुडी बंद नाही झाली, फक्त महाग झाली.

पहिली खूण आम्हाला पाणीपुरीच्या गाड्यावर दिसली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो. अण्णांच्या तोंडात अख्खी पुरी जाईना, बोटानं फोडून अर्धी अर्धी खायले. वहिनी म्हणाली बायकांसारखं काय खायलाव. नंतर तिखटाची आग व्हायला लागली, ठेचा बंद, मग भाकरी वरणात कुस्करून. सुपारीनं गालाची आतली कातडी चिवट होत होत ताठ होते, जबडा आवळत येतो आणि त्यातल्या काही जणांचा पुढं कॅन्सर होतो, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं, गालात भरून न येणारी जखम झाल्यावर. साधा टॉर्च मारून कुणी आत बघितलं असतं तर तेव्हाच समजलं असतं. पण टॉर्च मारणारं कुणी नव्हतं आणि आम्हालाही अक्कल नव्हती, दोन्ही खरं आहे.

ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा गेला, छातीवरचं मांस वर ओढून गाल बसवला. मग ३० लाईट. आमच्याकडं रेडिएशनला कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक, कुणी करंट. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सहा आठवडे, आणि त्यासोबत दर आठवड्याला एकदा प्लॅटिनमचं सलाईन. अण्णांना तेव्हा बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहून दाखवलं, "तुझ्या वहिनीला चांदीचं पैंजण घेतलं नाही, आता माझ्या शिरेत प्लॅटिनम." मला वाटलं नाव असेल नुसतं. नाही, खरंच प्लॅटिनम आहे त्या औषधात, पुढं सांगतो.

लाईट देताना डोकं हलू नये म्हणून जाळीचा मास्क करतात. प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकायची, मऊ पडली की चेहऱ्यावर ओढायची, थंड झाली की कडक, मग तो मास्क टेबलाला क्लिपांनी पक्का. मी लेथवाला, मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जॉब चकमध्ये पक्का धरला नाही तर टूल भलतीकडंच जाणार. चौथ्या आठवड्यात अण्णांचं वजन उतरलं आणि चेहरा त्या मास्कमध्ये सैल पडला, तेव्हा मीच टेक्निशियनला म्हणालो, साहेब जॉब हलायलाय. ते माझ्याकडं बघतच राहिले, पण मास्क नवा केला. अशा ठिकाणी बसून बसून मला दिसायला लागलं की ह्या खोलीत डॉक्टर जेवढा आहे तेवढाच इंजिनिअर आहे, फक्त तो इंजिनिअर इथला नाही, कुठलातरी लांबचा आहे.

आता तोंडाचं सांगतो. लाईट संपून दोन महिने झाले आणि तोंड आवळलं. माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं गेली पाहिजेत, ३५ मिलिमीटरच्या खाली आलं की डॉक्टर लोक त्याला अडचण धरतात. मी व्हर्नियर लावून मोजलं, अण्णांचं दहा. दहा मिलिमीटरमध्ये चमचा आडवा जातो, उभा नाही. दात घासता येत नाहीत, आतली जखम परत आली का हे डॉक्टरला बघता येत नाही. व्यायामासाठी त्यांनी काय दिलं तर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दातांच्या मधोमध बसतील तेवढ्या एकावर एक ठेवायच्या आणि मधून आणखी एक सरकवायची, डोळ्यातून पाणी येईपर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. म्हणजे अण्णा पाच काड्यांवर होते. काड्यांचा उपाय वाईट नाही बरं का, स्वस्त आहे आणि चालतो, मोठ्या दवाखान्यात पण हेच सांगतात. पण काडी लाळेनं फुगते, तुटते, आणि कुठं थांबायचं ते कळत नाही.

त्या वर्षी येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं घर शेतात. भज्जी, खिचडा, तिळाची पोळी, कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसलेली आणि अण्णा बाजूला बसून नळीनं आंबील ओढायले. कुणी काही बोललं नाही. मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला गेलो आणि स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या कापल्या.

काम अवघड नव्हतं. दोन पट्ट्या, टोकाला दातांसाठी रबर, मागं बिजागरी, मधून एम-आठचा स्क्रू. एम-आठचा पिच सव्वा मिलिमीटर, म्हणजे नॉब एक फेरा फिरवला की स्क्रूपाशी सव्वा मिलिमीटर, अर्धा फिरवला तर त्याच्या निम्मं. लिव्हरचा हिशोब धरून दातांपाशी किती उघडेल त्याच्या खुणा मी नॉबवर पाडल्या. दोन रात्रीत तयार. पॉलिश असं केलं की आरशासारखं चकाकायलं. अण्णांनी हातात घेऊन बघितलं आणि पाटीवर लिहिलं, "जॅक." ट्रकवाल्या माणसाला अजून काय आठवणार.

डॉक्टरांना दाखवायला नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी आम्हाला जीव लावला. डॉक्टरांनी नॉब फिरवून बघितला आणि म्हणाले काम सुबक आहे, पण हे तोंडात घालायचं नाही. का तर लाईट दिलेलं हाड आतून कमजोर झालेलं असतं, रक्तपुरवठा कमी, त्याला मार लागला तर ते भरून येत नाही, आणि स्क्रूला माहीत नसतं की पुढं लोखंड आहे का माणूस. तुमच्या हातात किती जोर आहे हे ह्यात दिसत नाही, ते म्हणाले. काडीचा एक फायदा, जास्त जोर झाला तर काडी तुटते, दात नाही.

खरं सांगतो, मी ओशाळलो. आयुष्यभर टॉर्क रेंच वापरला आणि इथं विसरलो. म्हणजे हवं काय तर एका ठरावीक जोराच्या वर स्क्रूनं सटकलं पाहिजे, टॉर्क रेंचसारखं. तो जोर किती, हे डॉक्टरनं सांगायचं. तेवढ्यालाच सटकतं का, हे कॉलेजच्या मशीनवर तपासायचं. रबर कुठलं, गरम वाफेत टिकेल का, लाळेत सुटेल का, हे केमिस्ट्रीवाल्यानं बघायचं. किती पेशंटवर किती दिवस वापरून बघितलं म्हणजे काड्यांपेक्षा बरं आहे असं म्हणता येईल, हे स्टॅटिस्टिक्सवाल्यानं. आणि पेशंटची परवानगी घ्यायचा कागद असा मराठीत लिहायचा की अण्णांसारख्या माणसाला कळला पाहिजे. आम्ही जो कागद सही केला होता त्यातलं "विकिरणोपचारजन्य गुंतागुंत" मला आजपर्यंत उच्चारता आलेलं नाही. म्हणजे मराठीवाला पण लागला. एवढ्याशा स्क्रूला पाच डिपार्टमेंट.

मग मी फिरलो. एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो, नाव नको. विभागप्रमुखांनी चहा पाजला, स्क्रू बघितला, चांगलं म्हणाले, आणि विचारलं की हे सिलॅबसमध्ये कुठं बसवायचं, गाईड कोण, मेडिकलचा माणूस मार्क देणार का. एका मेडिकल कॉलेजात विचारलं तर म्हणाले एथिक्स कमिटीपुढं प्रस्ताव आणायला आमचाच डॉक्टर पाहिजे, तो आधीच ओपीडीत बुडालेला, आणि तुम्ही कोण. बरोबरच आहे, मी कोण. दोघंही माणसं वाईट नव्हती. पण त्याच कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये फायनल इयरच्या प्रोजेक्टचे बोर्ड लावलेले होते, तीन वर्षांचे, आणि त्यात हजेरीची सिस्टीम किती वेळा होती ते मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. पुण्यातून किट येतं, रिपोर्ट पेनड्राइव्हमध्ये येतो, हे सगळ्यांना माहीत आहे, सरांना पण.

ह्याचं मूळ मला नंतर एका रिटायर प्राध्यापकांनी सांगितलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. एकेकाळी इथली मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजं त्याच एका छत्राखाली होती. १९९४ ला नांदेडचं विद्यापीठ निघालं, १९९८ ला मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं गेली, पुढं इंजिनिअरिंगची बरीच कॉलेजं लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली. म्हणजे आज लातुरात राहणाऱ्या तीन पोरांचं विद्यापीठ नांदेड, नाशिक आणि रायगड जिल्ह्यात. पूर्वी एकत्र होते तेव्हा फार दिवे लावले असं नाही, पण निदान कुलगुरू तरी एक होते, भांडायला.

त्या रागात रात्री मोबाईलवर वाचत बसायची सवय लागली आणि तिथं मला आमचा माणूस सापडला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड. इंग्लंडातल्या शेतकऱ्याचं पोरगं, पाच भावंडांत धाकटा, लहानपणी शेतावरच्या मशिनी खोलून बघायचा. डॉक्टर नाही, इंजिनिअर, आणि नोकरी कुठं तर ईएमआयमध्ये, गाण्याच्या रेकॉर्डी काढणारी कंपनी. ह्या माणसानं सीटी स्कॅन काढला. आणि पहिलं मॉडेल त्यानं कशावर बांधलं माहितीय का? जुन्या लेथच्या बेडवर! मी ते दोनदा वाचलं, खुर्चीवरून उठलो आणि बायकोला उठवून सांगितलं, तिनं झोपू द्या म्हणून कूस बदलली. त्या लेथवर एक स्कॅन व्हायला सुरुवातीला नऊ दिवस लागायचे. मग तपासायला खाटकाकडून बैलाचा मेंदू पिशवीत घालून आणायचा. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका दवाखान्यात पहिल्या बाईचं डोकं स्कॅन झालं, शेजारी रेडिओलॉजिस्ट उभा होता म्हणून त्या चित्राचा अर्थ लागला, आणि १९७९ ला नोबेल मिळालं ते पण मेडिसिनचं, एका फिजिक्सवाल्यासोबत वाटून. अण्णांच्या सीटीच्या रिपोर्टवर जे एचयू, म्हणजे हाउन्सफील्ड युनिट, लिहिलेलं असतं ना, ते ह्याच माणसाचं नाव आहे.

प्लॅटिनमची गोष्ट तर त्याहून भारी. अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचा माणूस, फिजिक्समधून आलेला. पेशी दुभंगताना जे चित्र दिसतं ते त्याला लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस जमतो तसं वाटलं. म्हणून त्यानं जंतूंना वीज देऊन बघितली. जंतू मरायच्या ऐवजी शेवयांसारखे लांबच लांब झाले, वाढायले पण दुभंगेनात. कुणीही म्हणालं असतं विजेनं झालं. त्यानं शोध घेतला तर वीज नव्हतीच, तिच्यासाठी लावलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून काहीतरी विरघळत होतं. १९६५ ला हे छापून आलं, १९७८ ला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता. तेच अण्णांच्या शिरेत गेलं. बायॉलॉजीवाल्यानं वीज लावलीच नसती आणि इलेक्ट्रिकलवाल्यानं जंतू पाळले नसते.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं लंडन-अमेरिकेचं, आपल्याकडं काय. इथंच तर माझं डोकं फिरतं. ज्या संशोधनाचं नाव जगभर घेतात त्यातलं एक आपल्या धाराशिव जिल्ह्यात झालं आणि आपल्या लोकांनाच माहीत नाही. तेव्हाचा उस्मानाबाद. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधनाची जागतिक संस्था, तिघांनी मिळून. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बाया, गावांचे ५२ गट पाडले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी कुठं एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची टेस्ट, कुठं पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणं, कुठं ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यानं बघणं. २००९ ला अमेरिकेतल्या एका नामांकित मेडिकल साप्ताहिकात आलं की आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट केली तरी ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगात टेस्टचे नियम ठरवताना ह्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यावर टीका पण झाली, की चौथ्या गटातल्या बायांची तपासणी केलीच नाही त्यांचं काय, आणि ती टीका उडवून लावण्यासारखी नाही. पण बघा, त्यात डॉक्टर होते, गट पाडणारे स्टॅटिस्टिक्सवाले होते, गावोगाव हिंडून बायांना तयार करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. फक्त टेस्टचं किट बाहेरचं होतं. बाया आपल्या, किट त्यांचं.

आणि त्याला लागूनच बीड जिल्हा. २०१९ ला ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण तुमच्याच पेपरात आलं होतं, ८२ हजारांच्या वर बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घातलेली. एका जिल्ह्यात जगाला दाखवलं की साध्या टेस्टवर कळतं कुणाला धोका आहे आणि कुणाला नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यात बाईला टेस्ट नाही, डायरेक्ट ऑपरेशन. ऊसतोडीच्या फडावर चालेल, वीज नसताना चालेल, बाईला स्वतःच नमुना घेता येईल आणि संध्याकाळपर्यंत रिझल्ट मिळेल असं स्वस्त काहीतरी बनवायचा विषय आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना सोडून कुणाला द्यायचा? ज्याची आई कोयता घेऊन गेलीय त्याला फडाची माहिती गुगलवर शोधावी लागत नाही.

देशात हे होत नाही असंही नाही. अणुऊर्जावाल्यांनी भाभाट्रॉन बनवलं, कोबाल्टचं लाईट द्यायचं देशी मशीन, २००५ ला खारघरला पहिलं बसलं. पवईची आयआयटी आणि टाटा हॉस्पिटल, दोघांनी मिळून रक्ताच्या काही कॅन्सरवर कार-टी नावाचा उपचार उभा केला, पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांना शिकवून परत सोडायच्या. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा परदेशात तीन-चार कोटी लागायचे, इथं चाळीस लाखांच्या घरात. आमच्यासारख्याला चाळीस लाख पण आकाशातलेच, आणि तोंडाच्या कॅन्सरवर ते चालत नाही, तरी कोटीवरून लाखावर आलं हे कबूल करायला पाहिजे. मला जास्त आवडतं ते बंगळुरूचं. तिथले कॅन्सरचे सर्जन विशाल राव आणि त्यांचे उद्योजक मित्र शशांक महेश, दोघांनी मिळून घशाचा कॅन्सर होऊन आवाज गेलेल्या माणसासाठी सिलिकॉनचा छोटासा व्हॉइस बॉक्स बनवला, तेव्हा किंमत पन्नास रुपयांच्या आसपास होती. बाहेरून येणारा तेव्हा पंधरा-वीस हजारांच्या पुढं, आणि तो पण ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो. दोन दोस्त, एवढंच भांडवल.

आणि आपल्याच राज्य सरकारच्या पैशातून २०१४ ला आयआयटी मुंबईत बेटिक म्हणून सेंटर निघालं, तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर एका खोलीत बसून मेडिकलची साधनं बनवतात, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत पण त्याची शाखा. म्हणजे मी काही आभाळातलं मागत नाही, नमुना तयार आहे. नांदेडला एसजीजीएससारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आणि १९६० चं सरकारी इंजिनिअरिंग, जालन्यात मुंबईच्या आयसीटीचा, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेचा कॅम्पस, अंबाजोगाईला ग्रामीण मेडिकल कॉलेज, परभणीला कृषी विद्यापीठ. सगळं आहे, फक्त मधला बोल्ट नाही.

काही लोक म्हणतील आधी गुटखा बंद करा. शंभर टक्के मान्य. पण पुडी आज बंद झाली तरी ज्यांनी वीस वर्षं खाल्ली त्यांचे जबडे पुढची वीस वर्षं आवळत राहणार आहेत, त्यांना काय सांगायचं. आणि काही म्हणतील कॅन्सरचं संशोधन म्हणजे करोडोंची लॅब पाहिजे. काहीला पाहिजेच. पण ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर दोन तास बसायला किती पैसे लागतात? फायनल इयरच्या पोरांना महिन्यातून एकदा कॅन्सरच्या वॉर्डात न्या, नर्सला विचारा कुठं हात अडतो, फिजिओथेरपीवाल्या मॅडमला विचारा, ट्यूबनं जेवण देणाऱ्या बायकोला विचारा. दवाखान्यानं वर्षाला अशा वीस अडचणींचा एक कागद काढून कॉलेजला द्यावा आणि त्यातला प्रोजेक्ट घेतला तर डॉक्टरच्या सहीनं मार्क मिळावेत, मग विद्यापीठं तीन असोत का तेरा. तेवढी एक सही करायला कुलगुरू मंडळींना एका टेबलावर बसावं लागेल, चहा मी पाजतो.

माझ्याकडं एक पोरगी आली, तेवढं सांगून थांबतो. आमच्या फिटरची भाची, इलेक्ट्रॉनिक्सच्या फायनल इयरला. तिची आजी मिश्री लावायची आणि त्यातच गेली, तोंडाच्याच कॅन्सरनं. तिनं स्क्रू बघितला आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तो लोडसेल आणून पट्टीच्या मागं बसवला, आता किती जोर पडायलाय ते आकड्यात दिसतं, ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की बझर वाजतो. सटकणारा भाग मी केला, स्प्रिंग आणि दोन गोळ्या टाकून, सातव्या प्रयत्नाला जमला. आम्ही अजून तो कुणाच्या तोंडात घातलेला नाही, लाकडाचा जबडा करून त्यावरच चालू आहे, कारण डॉक्टरांनी सांगितलंय की परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. कॉलेजात तिला हा प्रोजेक्ट "वजन मोजण्याची प्रणाली" ह्या नावानं नोंदवावा लागला, कारण जबडा कुठल्याच हेडखाली बसेना. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, ह्यात आयओटी, म्हणजे इंटरनेटला जोडायचं तंत्र, कुठाय.

पोरगी आता पुण्याला नोकरीला गेली. स्क्रू माझ्या टेबलाच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कुणा डॉक्टरला, सरांना, पोराला बघायचा असेल तर वर्कशॉपला या, पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतो, गुरुवारी बंद असतं. अण्णा अजून काड्यांवरच आहेत, पाचावरून चौदावर आलेत, वरणभात चमच्यानं खातात, पुडीवाल्या टपरीपुढून जाताना मान दुसरीकडं करतात.

ता.क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले चौदा खोड, पंधरा लिही, आज सकाळीच पंधरावी गेली.

आपला एक जुना वाचक,
लातूर